रोजच्या रस्त्यावर स्पोर्ट्‌स कार: चौदा महिन्यांचा अनुभव

वर्कशॉपमधील टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर माझ्या गाडीची जुनी क्लच प्लेट ठेवलेली होती. पोलाद वारंवार तापले की त्यावर जी निळसर-जांभळी झाक चढते, ती तिच्या कडांवर चढली होती, आणि घर्षणाचा थर इतका झिजला होता की रिव्हेटची डोकी बोटाला लागत होती. पुण्याजवळ भोसरीत माझे लहानसे मशिन शॉप आहे, त्यामुळे धातूची झिजलेली वस्तू समोर आली की हात आपोआप व्हर्निअरकडे जातो. मी तिचे माप घेतले, शेजारी ठेवलेल्या नव्या प्लेटचे घेतले, दोन्ही आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहिले आणि गप्प बसून राहिलो. ज्येष्ठ मिस्त्री हात पुसत म्हणाले, "साहेब, गाडीचा काही दोष नाही यात. ही प्लेट चालून नाही झिजलेली, थांबून थांबून झिजलीय."

त्यांचे ते बोलणे माझ्या मनात घर करून राहिले. महागडी, दुर्मीळ स्पोर्ट्‌स कार रोजच्या येण्याजाण्यासाठी वापरण्याचा विचार करणाऱ्यांना मला जे सांगायचे आहे, त्याचे सार त्या वाक्यात आहे.

गाडी इटालियन बनावटीची, दोन आसनी, आसनांच्या पाठीमागे इंजिन असलेली. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिची खोट कुठेही नाही. २०२१ च्या दिवाळीत मी ती पहिल्या मालकाकडून घेतली, तेव्हा तिचे वय दहा वर्षे होते आणि ती १९,००० किलोमीटर चालली होती. पहिल्या मालकाने तिला बहुतेक काळ कापडाखाली झाकून ठेवले होते, याचे मला वाईट वाटले होते. गाडी चालवण्यासाठी असते, जपून ठेवण्यासाठी नव्हे, अशी माझी ठाम समजूत होती. म्हणून कोथरूडहून भोसरीला, शिवाजीनगर, वाकडेवाडी, खडकी, दापोडी या मार्गाने, जाताना १८ आणि येताना १८ किलोमीटर, मी ती चौदा महिने जवळजवळ रोज चालवली. सकाळी या अंतराला साधारण ६५ मिनिटे लागत. म्हणजे सरासरी वेग ताशी १७ किलोमीटरही भरत नाही.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा-सोडणारा दुवा; या वेगात त्याचे काय होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. माझ्या गाडीत क्लचचे पेडल नाही, पण आतील गिअरबॉक्स मॅन्युअलच आहे. एक क्लच, त्याला दाबणारी हायड्रॉलिक यंत्रणा आणि तिला हुकूम देणारा संगणक, अशी ही रचना आहे. फेरारीने १९९७ मध्ये एफ ३५५ या मॉडेलमध्ये ती रस्त्यावरच्या गाडीत आणली आणि पुढची दहा-बारा वर्षे इटालियन गाड्यांत तिचाच बोलबाला होता. चालकाचे दार उघडले की मागून पंप घरघरू लागतो; तो त्या हायड्रॉलिक यंत्रणेत दाब भरत असतो. वेगात असताना हा गिअरबॉक्स फार सुरेख काम करतो. पण पहिला गिअर इतका लांब असतो की इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर असताना चाके ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास फिरतात. त्याहून हळू जायचे असेल तर क्लच पूर्ण न लावता घसरता ठेवणे एवढाच उपाय संगणकाकडे असतो. वाकडेवाडीच्या कोंडीत गाडी ताशी तीन-चार किलोमीटरने सरकते. म्हणजे तो सगळा वेळ प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, घासत राहते आणि त्या घासण्याची उष्णता बंदिस्त घरात साठत जाते.

एका मंगळवारी मी गाडी किती वेळा थांबून पुन्हा निघाली ते मोजले. एका फेरीत १४० वेळा. रोजच्या दोन फेऱ्या, महिन्याचे २५ दिवस आणि चौदा महिने धरले तर आकडा लाखाच्या जवळ जातो. खरेदीच्या वेळी, गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर, क्लचची झीज २८ टक्के दिसत होती, चौदा महिन्यांनंतर ती संपूर्ण झाली. बिलाची रक्कम एका नव्या लहान हॅचबॅकच्या किमतीच्या आसपास गेली. सोसायटीतील रॅम्पवर रिव्हर्स घेणे तर त्याहून वाईट, कारण चढावर उलटे जाताना क्लच जवळजवळ सारा वेळ घसरतच असतो. हे मला कोणी आधी सांगितले असते, तर मी पहिल्या दिवसापासून गाडी उलटी उतरवून सरळ बाहेर काढली असती.

नंतरच्या गाड्यांत दुहेरी क्लचचे गिअरबॉक्स आले. फेरारीने २००८ च्या कॅलिफोर्नियापासून आणि लॅम्बोर्गिनीने २०१४ च्या हुराकानपासून ते वापरले, आणि ते कोंडीत पुष्कळ सोशिक असतात. तरीही कोंडीत निर्माण होणारी उष्णता त्यांनाही चुकलेली नाही.

क्लचपेक्षा मला जास्त अस्वस्थ केले ते तेलाने. अशा इंजिनात आठ-नऊ लिटर तेल असते, आणि एवढे तेल तापायला वेळ लागतो. पाण्याचा काटा सात-आठ मिनिटांत मधोमध येतो आणि माणसाला वाटते, इंजिन तयार झाले. तेलाचा काटा मात्र त्या वेळी जेमतेम हलू लागलेला असतो. हिवाळ्यात मी मुलीला सकाळी तीन किलोमीटरवरच्या क्लासला सोडून परत येत असे, आणि त्या फेरीत तेल साठ अंशांच्या वर कधी गेले नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, तिच्यातील थोडी तेलात उतरते, आणि तेल नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापून काही काळ तसेच राहिले तरच ती उडून जाते. जानेवारीत एकदा तेल भरण्याचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय जमलेली दिसली, थेट दुधावर धरते तशी. बोटाने निपटली तर चिकट लागली. आठ हजार फेऱ्यांपर्यंत फिरणारे इंजिन, ज्याच्या बेअरिंगमधील फट मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजायची, त्याच्या तेलात मी रोज थोडे थोडे पाणी घालत होतो. यंत्रावर जगणाऱ्या माणसाला ती साय पाहून काय वाटले असेल, ते यंत्रावर जगणाऱ्यांना कळेल.

गतिरोधकांविषयी लोक हसून बोलतात. मला त्यात गणित दिसते. भारतीय रोड्‌स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या १९८८ च्या मार्गदर्शक नियमात गोलाकार गतिरोधकाचे माप दिलेले आहे: १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर रुंदी आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंची, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता यावा. माझ्या गाडीच्या पोटाखाली १२ सेंटिमीटर जागा आहे आणि पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे २.६ मीटर आहे. गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मधोमध आली की दोन्ही चाके त्याच्या उतारावरच असतात, आणि चाकांच्या रेषेपासून माथा जेमतेम ५ सेंटिमीटर वर येतो. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर ही गाडी घासण्याचे काही कारणच नाही. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो आहे तो मी एका रात्री टेपने मोजला. रुंदी ९० सेंटिमीटर आणि उंची १४. त्याच्या दोन बाजूंना दोन्ही चाके सपाट रस्त्यावर उतरलेली असतात आणि मधोमध १४ सेंटिमीटरचा कठडा १२ सेंटिमीटरच्या पोटाखाली उभा असतो. तिरके जाणे हाच मार्ग उरतो. एक चाक चढवायचे, ते उतरेपर्यंत दुसरे चढवायचे, आणि त्या अर्ध्या मिनिटात सगळा रस्ता अडवून मागच्या रिक्षांचे हॉर्न ऐकायचे. आमचे वॉचमन काका रोज सकाळी बाहेर येऊन खाली वाकत आणि हाताने खुणा करत: "या, या, थोडं डावीकडे, या." त्या वयात त्यांना माझ्यासाठी रोज वाकावे लागते, याची मला मनापासून लाज वाटू लागली. अलीकडच्या अनेक गाड्यांना पुढचा भाग चार सेंटिमीटरच्या आसपास उचलणारी यंत्रणा मिळते. गाडी घेणार असाल, तर ती यंत्रणा नसलेली गाडी शहरासाठी घेऊच नका.

टायरचे दुखणे याच जातीचे. माझ्या पुढच्या टायरवर २३५/३५ असे लिहिले आहे, म्हणजे २३५ मिलिमीटर रुंदीच्या ३५ टक्के, ८२ मिलिमीटर, एवढीच टायरच्या भिंतीची उंची. हाताची चार बोटे आडवी धरली की ती जवळपास झाकली जाते. १८५/६५ मापाच्या साध्या हॅचबॅकच्या टायरला तीच भिंत १२० मिलिमीटर मिळते. खड्ड्याची धार टायरमधून थेट रिमपर्यंत पोहोचू नये म्हणून जी काही गादी असते ती हीच. जुलैमध्ये, पाण्याने भरलेला आणि म्हणून न दिसलेला एक खड्डा मला खडकीजवळ लागला. आवाज ऐकताच कळले. टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला होता आणि रिमची आतली कड वाकली होती. या गाडीत स्टेपनी नसते. भोक बुजवणारे द्रावण आणि छोटा पंप मिळतो, आणि फाटलेल्या भिंतीवर त्याचा उपयोग शून्य. साधी टोइंग व्हॅन पुढची चाके उचलते, ते या गाडीला चालत नाही. सपाट पाठीचा ट्रकच लागतो, आणि त्याच्या फळीवर चढतानाही नाक घासू नये म्हणून खाली लाकडी फळ्या रचाव्या लागतात. पावसात तो ट्रक येईपर्यंत अडीच तास गेले. टायर देशात शिल्लक नव्हता, तो यायला तीन आठवडे लागले, आणि एकाच धुरीवर जुना-नवा टायर चालत नाही म्हणून दोन घ्यावे लागले.

त्या तीन आठवड्यांत गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीतही संगणक, अलार्म आणि कुलपे थोडी थोडी वीज खात असतात. टायर आला त्या दिवशी बॅटरी पूर्ण उतरलेली. बॅटरी पुढच्या झाकणाखाली आणि ते झाकण उघडते विजेवर! फ्यूज बॉक्समधील एका टोकाला बाहेरून वीज देऊन झाकण उघडायचे असते, हे पुस्तिकेत लिहिलेले आहे, पण पुस्तिका त्याच झाकणाखालच्या डिकीत होती. रोज वापरली तर झिजते आणि ठेवली तर निजते, अशा कात्रीत मी सापडलो होतो.

पावसाळ्याचा उल्लेख थोडक्यात करतो. मधोमध इंजिन असलेल्या अनेक गाड्यांना हवा बाजूच्या तोंडांतून मिळते. ती तोंडे जमिनीपासून फार उंच नसतात. सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळी माझ्या मामांची साधी सेडानही अशीच, पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नात गेली होती. त्यामुळे जून ते सप्टेंबर रेल्वेखालच्या भुयारी मार्गासमोर मी किती वेळा गाडी वळवून परत फिरलो, त्याची गणती नाही.

आईची गोष्ट मात्र थोडक्यात सांगता येणार नाही. तिच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. एका सकाळी तिला तपासणीसाठी न्यायचे होते आणि पत्नी दुसरी गाडी घेऊन गावाला गेली होती. आमच्या सोसायटीतील पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद आहे, गाडी १.९ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर. लांब दार तेवढ्या जागेत उघडत नाही. म्हणून मी गाडी बाहेर काढून फाटकापाशी उभी केली आणि आईचा हात धरला. आसन जमिनीच्या इतके जवळ की बसणे म्हणजे जवळजवळ पाटावर बसणे, आणि त्याआधी दाराखालचा रुंद उंबरठा ओलांडायचा. तिने एक पाय आत टाकला, खाली वाकली, आणि अर्ध्यावर थांबली. तिच्या बोटांची पकड माझ्या मनगटावर घट्ट झाली. मग ती हळूच सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "तू हो पुढे गाडी घेऊन. मी रिक्षाने येते." मी गाडी तिथेच सोडली आणि तिच्याबरोबर रिक्षात बसलो. तिने ना तक्रार केली, ना त्या गाडीविषयी कधी वाईट शब्द काढला. पण ज्या गाडीत आपली आई बसू शकत नाही, ती घरची गाडी कशी म्हणायची, हा प्रश्न त्या रिक्षात पहिल्यांदा माझ्यापुढे उभा राहिला.

आणि रस्त्यावरचे लोक. बहुतेक जण प्रेमाने पाहतात, सिग्नलला लहान मुले हात हलवतात, त्याचा आनंद मला आजही आहे. पण दुचाकीवरून एका हाताने मोबाइल धरून चित्रण करत शेजारी येणारी मुले पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. वाकडेवाडीला एक मुलगा असाच माझ्या मागच्या चाकापर्यंत आला, समोरची बस थांबली हे त्याच्या लक्षात आले नाही, आणि तो बसवर आदळता आदळता वाचला. मी काही केले नव्हते, फक्त त्या गाडीत होतो. त्याला काही झाले असते तर मी ते आयुष्यभर विसरू शकलो नसतो. त्या दिवसापासून मी आरशात पुढच्या रस्त्याइतकेच मागचे मोबाइल शोधू लागलो, आणि गाडी चालवण्यातले सुख तिथेच संपले. हॉटेलात जेवायला बसावे तर लक्ष बाहेर. रोजची गाडी माणसाला विसरता आली पाहिजे, ही गाडी मला दिवसातून एक क्षणही विसरता येत नव्हती.

रोज वापरता येईल अशी स्पोर्ट्‌स कार बनवण्याचा प्रामाणिक प्रयत्न झालेला आहे, हेही सांगायला हवे. होंडाने १९९० मध्ये एनएसएक्स आणली, तिचे शरीर ॲल्युमिनियमचे होते, चारी बाजूंना नीट दिसेल अशा काचा होत्या, आणि जपानमधील सुझुका येथील शर्यतीच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता आयर्टन सेना यानेही ती चालवून सूचना दिल्या होत्या. तिच्या भरवशामुळे इटालियन कंपन्यांनाही विचार करावा लागला, असे मी मानतो. एफ ३५५ चे टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारे पट्टे, बदलायला इंजिन बाहेर काढावे लागे. १९९९ च्या ३६० मोडेनामध्ये ते आसनांमागच्या झाकणातून बदलता येऊ लागले, आणि २००४ च्या एफ ४३० मध्ये बेल्टच्या जागी साखळी आली. पण ज्या रस्त्यासाठी या गाड्या सुधारत गेल्या तो लांब, सपाट आणि मोकळा रस्ता आहे, जिथे तेल तापते आणि क्लच एकदा लागला की लागलेला राहतो. कोथरूड ते भोसरी हा तो रस्ता नाही.

क्लच बदलल्यानंतर मी जुनी हॅचबॅक घेतली. पुढचे आसन आईला सोयीचे आहे, ते आधी तिला बसवून पाहिले आणि मगच व्यवहार केला. स्पोर्ट्‌स कार विकली नाही. ती आता चार्जरला जोडलेली असते, आणि दर दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला, वॉचमन काका झोपेतून उठायच्या आत, मी ती तिरकी करून बाहेर काढतो. पौड रस्त्याने मुळशी धरणाच्या बाजूने ताम्हिणीकडे जातो, पहिली पंधरा मिनिटे तीन हजार फेऱ्यांच्या वर जात नाही, तेलाचा काटा नव्वदला पोहोचला की मग तिला मोकळी सोडतो. झाकणाखाली साय धरत नाही.

गेल्या महिन्यात वार्षिक तपासणी झाली. नव्या क्लचवर पावणेदोन वर्षांत ६,४०० किलोमीटर झाले आहेत. मिस्त्रींनी स्कॅनर जोडला, थोडा वेळ थांबले आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. झीज ९ टक्के. वहीच्या त्याच मागच्या पानावर, जुन्या दोन मापांखाली, मी तो आकडा लिहून घेतला.